फिरतीच्या कामाला लॅपटॉप: सेकंडहँड थिंकपॅड टी४८०एस वापरून बघितला

ज्यांचं काम एसीतल्या टेबलावरचं नाही, बॅग पाठीला लावून तालुक्या-तालुक्याला फिरायचं आहे त्यांनी चाळीस-पंचेचाळीस हजाराचा नवा चकचकीत लॅपटॉप घ्यायच्या आधी एकदा लेनोवोचा सेकंडहँड थिंकपॅड टी४८०एस हातात घेऊन बघा. मी घेतला, त्यावर जळगावचा मे महिना काढला, कापसाचा सीझन काढला, आता बोलायला हरकत नाही.

काम माझं अकाउंटचं. टॅली, जीएसटीचे रिटर्न, अधूनमधून कोणाचं टेंडर भरून देणं. पार्ट्या म्हणजे धरणगावकडच्या जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या मिल, सावदा-रावेरचे केळीवाले, जळगाव एमआयडीसीतली एखादी दालमिल. बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडचं कॉम्प्युटर भरवशाचं नसतं म्हणून आपलंच मशीन घेऊन जावं लागतं आणि अर्धा प्रवास एसटीत, तोही उभ्याने.

जुना लॅपटॉप कुठल्या कंपनीचा होता ते सोडा. साडेपंधरा इंची, दोन किलोच्या वर, चार्जर वेगळाच वजनदार. आधी बिजागरी गेली, स्क्रीन उघडली की कडकड आवाज आणि कोपऱ्यातलं प्लास्टिक वर यायचं, मग बॅटरी फुगली आणि तिने टचपॅड असा वर ढकलला की क्लिकच होईना. पण खरा जीव घेतला तो रुईने. जिनिंगमध्ये हवेत कायम बारीक रुई उडत असते, पंखा ती आत ओढतो आणि ती जाऊन बसते पंखा आणि तांब्याच्या पाइपाला लागून असलेल्या जाळीच्या मधोमध. रिपेअरवाल्याने माझ्यासमोर उघडला, चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर अख्खा करडा थर एकाच तुकड्यात बाहेर आला, त्यावर जाळीच्या रेघासुद्धा उमटलेल्या. हवा बाहेर जायला वाटच नव्हती, मग प्रोसेसर गरम होऊन स्वतःचा स्पीड कमी करणार, पंखा बोंबलणार आणि टॅलीत एक लेजर उघडायला चहा पिऊन यायचा. तिथले मुनीम तर म्हणायचे, "भाऊ, हाऊ तुमना लॅपटॉप शे का पीठनी गिरन?"

रिपेअरवाला बिजागरी चिकटवून देतो, बॅटरी टाकून देतो, एवढे होतील म्हणाला. तो आकडा ऐकला आणि विषय संपवला.

आता नवीन का नाही घेतला. बजेटमधले पातळ लॅपटॉप बघितले, दिसायला भारी, पण कित्येकांत लॅनची वायर लावायला जागा नाही, रॅम बोर्डावरच बसवलेली, नंतर वाढवायची सोय नाही. एका मित्राने मॅकबुक एअर सुचवला. मान्य, एम२ वाला १.२४ किलोचा आहे आणि त्यात पंखाच नाही म्हणजे रुईची कटकटच नाही, खरं सांगतो मन डगमगलं होतं. पण टॅली विंडोजवर चालते, डिजिटल सहीचं टोकन, ती सही करायचं सॉफ्टवेअर एमसाइनर, टेंडरच्या साइटी, हे सगळं विंडोजवरच धड चालतं. वीस तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या घाईत कोण जुगाड करत बसणार.

टी४८०एस २०१८चं मॉडेल आहे. जुनं आहे, नाही म्हणत नाही. पण प्रोसेसर आठव्या पिढीचा इंटेल आहे आणि मुद्दा तिथेच आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृत चालतं. जळगावच्या गोलाणी मार्केटला फिरलात तर टी४७० सारखे सहाव्या-सातव्या पिढीचे मशीन दोन-तीन हजाराने स्वस्त मिळतील, वरून तसेच दिसतात, दुकानदार ११ टाकूनही देतो, पण ते मागच्या दाराने टाकलेलं असतं. पार्ट्यांचे पासवर्ड आणि बँकेचे स्टेटमेंट ज्या मशीनवर आहेत तिथे असले प्रकार नकोत. नावाच्या शेवटी एस आहे का तेही नीट बघा, नुसता टी४८० वेगळा, त्याला दोन बॅटऱ्या असतात, चालतो जास्त पण जाड आणि जड. एस वाला १.३२ किलोपासून सुरू होतो. पाठीला फरक लगेच कळतो, विशेषतः बॅगेत वहीखात्यांच्या फायली पण असतात तेव्हा.

आणि एवढ्या वजनात काय काय दिलंय बघा, दोन साधे यूएसबी, दोन टाइप-सी, एचडीएमआय, पूर्ण साइजचं लॅन, कार्ड रीडर. सहीचं टोकन एकात, पेनड्राइव्ह दुसऱ्यात, मोडेमची वायर थेट लॅनला, कुठेही डोंगल शोधत बसायचं नाही. चार्जर टाइप-सी ६५ वॉटचा, त्यावरच मोबाईल पण होतो, म्हणजे बॅगेत एकच चार्जर. रॅमचा एक भाग बोर्डावर आहे पण एक स्लॉट मोकळा मिळतो, मी त्यात पट्टी वाढवून घेतली. मागचे स्क्रू ढिले केले की झाकण निघतं, पंखा समोरच. सीझनमध्ये अधूनमधून उघडून ब्रश मारतो, रुई थर धरायच्या आत निघून जाते. माझ्या दृष्टीने या मशीनची सगळ्यात मोठी गोष्ट हीच, कोणाच्या दारात न जाता साफ करता येतं.

घेताना बॅटरी नक्की तपासा. दुकानदार म्हणतो "एक नंबर बॅकअप भो", त्याला म्हणायचं कमांड प्रॉम्प्ट उघड आणि पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट टाक. एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. नवी असताना ही बॅटरी ५७ वॉट-अवरची, म्हणजे पहिला आकडा ५७,००० च्या आसपास दिसणार. दुसरा त्याच्या अर्ध्यावर आला असेल तर सरळ बॅटरी बदलून मागा नाहीतर पैसे कमी करा. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड नाही ना हेही बघा, कारण हे मशीन मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले असतात आणि पासवर्ड राहिला तर नंतर डोक्याला ताप. आणखी एक, या काळातल्या थिंकपॅडच्या थंडरबोल्ट पोर्टसाठी (दोन टाइप-सीपैकी एक) कंपनीने फर्मवेअरचं, म्हणजे पोर्टच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट काढलेलं आहे, ते घरी आल्या आल्या टाकून घ्या, नाहीतर पोर्ट कायमचा बंद पडू शकतो.

आता न आवडलेलं. आकडेवाल्या माणसासाठी सगळ्यात मोठी बोंब म्हणजे कीबोर्डला उजवीकडे नंबरपॅड नाही. बाकी बटणं अशी छान की जुन्या मशीनवर हात जाऊ नये, पण व्हाउचर टाकताना वरच्या ओळीतून आकडे मारणं म्हणजे शिक्षा. यूएसबीचा छोटा नंबरपॅड वेगळा घेतला, बॅगेत पडून असतो. दुसरं, टॅलीवाल्यांनी फंक्शन आणि एस्केप एकत्र दाबून लॉक करून घ्या. नाहीतर पेमेंटसाठी एफ५ दाबलं की स्क्रीन अंधूक होते आणि सेल्ससाठी एफ८ दाबलं की वायफाय बंद. कंट्रोलच्या जागी फंक्शनचं बटण आहे, कॉपी मारायला जाल आणि काहीच होणार नाही, बायोसमध्ये दोघांची अदलाबदल होते, ती करून टाका.

स्क्रीन ऑफिसात चांगली, साधी फुल एचडीवाली, ब्राइटनेस २५० निट्सच आहे, पण सावद्याला केळीचा ट्रक भरत असताना बाहेर ओट्यावर बसून वजनाच्या चिठ्ठ्या टाकायच्या म्हटलं तर उन्हात काही दिसत नाही, मी डोक्यावर रुमाल आणि त्याच रुमालात स्क्रीन असा बसतो, हमाल लोकांना करमणूक. मे महिन्यात पंखा वाजतो पण काम अडलं नाही. व्हिडिओ एडिटिंग, मोठे ड्रॉइंग, गेम, असलं काही असेल तर याच्या नादी लागू नका, हे चार कोअरचं मशीन आहे, एक्सेल आणि टॅलीला पुरतं, त्याच्या पुढे नाही.

मला सगळं मिळून वीस हजारांच्या आत पडलं, रॅम धरून. दुकानाची तीन महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून घेतली, तोंडी नको. चार्जर मात्र ओरिजिनलच मागा, डब्यातला कुठलाही देतात. कॅमेरा बेकार, ७२०पी, जीएसटीची सुनावणी व्हिडिओवर असली की साहेबांना आपण धुक्यातून बोलतोय असं वाटतं, त्या दिवशी मी मोबाईलवरूनच जॉइन होतो आणि लॅपटॉपवर कागद उघडे ठेवतो.