जळगावची उन्हाळी हवामान कार्यशाळा: धडगावच्या एका शिक्षिकेचा अनुभव

ओळखीतले बरेच शिक्षक विचारतात, जळगावची ती उन्हाळी हवामान कार्यशाळा करावी का? करावी. तालुक्याच्या गावापासूनही लांब असलेल्या शाळेत जे शिकवतात, त्यांनी तर जरूर करावी. फक्त राहण्याची सोय आधी नीट विचारून घ्या आणि मगच पैसे भरा.

मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरातल्या धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. कार्यशाळा जळगावातल्या एका महाविद्यालयाने भरवली होती. निवासी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन नवतपात, कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत. निघताना सासूबाईंनी पिशवीत कांदा टाकला आणि "ह्या दिनमा कोनी जळगावले जास का?" म्हणत एसटीपर्यंत सोडायला आल्या. शहादा, शिरपूर, चोपडा करत पोचायला पूर्ण दिवस गेला. शुल्क दोन हजार रुपये. त्यात राहणं, जेवण आणि घरी न्यायची साहित्याची पेटी. पेटीत काय काय आहे ते पाहिलं तर हे पैसे जास्त नाहीत.

मे महिना निवडल्याबद्दल काही जण कुरकुरत होते. मला मात्र तो योग्यच वाटला. खान्देश का तापतो हे जानेवारीत सांगून कळत नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मध्ये तापीचं खोरं. समुद्र लांब, जमीन काळी, आभाळ निरभ्र आणि वारा कोरडा. पहिल्याच सकाळी फळ्यावर खोऱ्याचा आडवा छेद काढून हे समजावलं आणि लगेच सगळ्यांना मैदानात नेलं. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, आमचं तोरणमाळ हजार मीटरच्या वर. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. एवढ्या एका आकड्यावर मी सातवीच्या वर्गाचे दोन तास घेऊ शकते.

कार्यशाळेचा जीव म्हणजे हवामान खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले सर. त्यांनी काही शिकवलं असेल तर ते नीट बघायला. मैदानाच्या कोपऱ्यात झडपांची पांढरी लाकडी पेटी आहे, जिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. पाठ्यपुस्तकात तिचं चित्र असतं, पण तिचं दार उत्तरेलाच का, हे मी इतकी वर्षं कुणाला विचारलं नव्हतं आणि कुणी मला विचारलं नव्हतं. आपल्याकडे सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेकडे झुकलेला असतो. दार उघडलं की ऊन थेट तापमापकावर पडू नये म्हणून ते उत्तरेला. आत चार तापमापक असतात. कोरडा, ओला, कमाल आणि किमान. कमालच्या नळीत पाऱ्याच्या फुग्याजवळ एक चिमटा, म्हणजे अरुंद केलेली जागा, असतो. पारा चढताना त्यातून जातो, पण उतरताना अडकतो, म्हणून दुपारचा आकडा दुसऱ्या सकाळपर्यंत तसाच राहतो. किमानमध्ये पारा नसतो, अल्कोहोल असतं आणि त्यात एक बारीक काडी. थंडी वाढली की अल्कोहोल तिला मागे ओढतं आणि पुन्हा तापलं की तिथेच सोडून पुढे जातं.

सर म्हणायचे, आधी दशांश वाचा, मग पूर्ण अंश. कारण तुम्ही पेटीपुढे उभ्या राहिलात की तुमच्या श्वासाने आणि अंगाच्या उबेने आकडा हलायला लागतो, आणि आधी हलतो तो दशांश. डोळा पाऱ्याच्या टोकाशी समपातळीत हवा. आम्ही प्रत्येकीने ओळीने वाचन केलं तेव्हा एकाच तापमापकाचे वेगवेगळे आकडे वहीत आले. मग पुन्हा वाचायला लावलं. सगळ्यांचा आकडा एक येईपर्यंत चहा मिळाला नाही, आणि ते अगदी बरोबर केलं.

निरीक्षणाची वेळ सकाळी साडेआठ. देशभरच्या वेधशाळांत पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ मोजतात. त्यामुळे पेपरात "काल इतका पाऊस" छापून येतो तो खरं तर आज सकाळपर्यंतचा असतो. शाळा भरायच्या वेळेच्या आसपासच हे काम होतं, म्हणजे मुलांना सहज जमेल.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं सत्र होतं ओल्या-कोरड्या तापमापकाचं. दोन सारखे तापमापक, एकाच्या फुग्याला मलमलीची ओली पट्टी. दुपारी तीनला सावलीत कोरड्यावर ४२ आणि ओल्यावर २२. वीस अंशांचा फरक! तक्ता उघडला तर आर्द्रता सोळा टक्क्यांच्या आसपास. मग सरांनी कोकणातला एक नमुना आकडा दिला. कोरडा ३३, ओला २९. आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या जवळ. आणि विचारलं, घाम कुठे वाळेल? आमच्या ४२ मध्ये घाम लगेच वाळतो, अंग निवतं, पण शरीरातलं पाणी कळायच्या आत संपतं. तिकडे ३३ मध्ये घाम वाळतच नाही. कूलर जळगावात का चालतो आणि मुंबईत का चालत नाही, हेही याच दोन नळ्यांत दिसलं. त्यात एक बारीक गोष्ट, जी पुस्तकात सहसा नसते. बोअरचं खारं पाणी वापरलं तर पट्टीवर क्षार साचून ती कडक होते, बाष्पीभवन मंदावतं आणि ओला तापमापक खरा असेल त्यापेक्षा जास्त दाखवतो. पावसाचं साठवलेलं पाणी वापरा आणि पट्टी नेमाने बदला. आमच्याकडच्या हातपंपाच्या पाण्याला हे लगेच लागू पडतं.

उष्णतेची लाट म्हणजे काय, हेही मला पहिल्यांदा नीट समजलं. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं. ४५ गाठलं तर सरासरी न बघताही लाट. डोंगराळ भागासाठी मात्र हीच अट ३० अंशांपासून सुरू होते. म्हणजे जळगावात ४२ असलं तरी ती लाट असेलच असं नाही, आणि डोंगरात त्याहून बराच कमी आकडाही लाट ठरू शकतो. बातम्यांत जळगाव-भुसावळचे आकडे ऐकून आमच्या भागाचा अंदाज बांधणं किती फसवं आहे ते तेव्हा कळलं. आपल्या शाळेचा आकडा आपणच मोजायला हवा.

हाच मुद्दा रावेरच्या एका सरांनी केळीवरून मांडला. फळपीक विम्याचे निकष महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतात. केंद्र एका गावात, बाग दुसऱ्या गावात, आणि वादळाचा पट्टा कधीकधी एवढा अरुंद की एका शिवारातली केळी आडवी आणि शेजारची उभी. मुलांना घरात हे रोज ऐकू येतं. यावर अर्धा तास चांगली चर्चा झाली. आणखी व्हायला हवी होती, पण वेळापत्रक पुढे ढकलत होतं.

२५-२६ मेच्या सुमारास जळगावात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी बारा-पंचवीसच्या आसपास मैदानात पाईपचा सरळ तुकडा उभा केला आणि सावली पाईपच्या बुडात शिरताना सगळ्यांनी पाहिली. आमच्या धडगावला हाच क्षण मे संपता संपता येतो. जुलैत तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं. पारोळ्याच्या एका मॅडमनी विचारलं, सूर्य डोक्यावर बाराला, मग सर्वात जास्त तापमान तीनच्या सुमारास का? जमीन तापून ती हवेला तापवते, त्याला वेळ लागतो, हे उत्तर सगळ्यांना पाठ होतं. पण सरांनी ते नुसतं सांगितलं नाही. मातीत, गवतावर आणि सिमेंटवर तापमापक ठेवून तासातासाला लिहून घ्यायला लावलं.

पर्जन्यमापक करायला शिकवला तो शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीचा. वरचा भाग कापून उलटा आत बसवायचा, तळाच्या खाचखळग्यांत बारीक खडे घालून सरळ भिंत सुरू होईपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करायची. मोजपट्टी चिकटवली की झालं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, आणि एका एकरावर चार हजार लिटरच्या वर. हे गणित मुलांपेक्षा त्यांच्या वडिलांना जास्त आवडेल. दिवसाला अडीच मिलिमीटर झाला तरच तो हवामान खात्याच्या हिशेबात पावसाचा दिवस, आणि ६४.५ च्या पुढे मुसळधार.

आता जे आवडलं नाही ते. मोबाइल ॲपचं सत्र आमच्यासारख्यांसाठी जवळजवळ वाया गेलं. शेतकऱ्यांसाठीचं मेघदूत, विजेच्या इशाऱ्याचं दामिनी ही ॲप चांगलीच आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी तर आसपास वीज पडायची शक्यता असेल तर आधी सांगतं. पण आमच्या पाड्यांवर रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, आणि वीज कडाडताना टेकडीवर जायचं नसतं. मी हे उठून बोलले. त्यावर सत्र घेणाऱ्यांकडे उत्तर नव्हतं. उत्तर दिलं ते निवृत्त सरांनीच, संध्याकाळी, अंगणात बसून. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. शेळ्या चारायला जाणाऱ्या माझ्या मुलांना मोबाइलशिवाय करता येईल असं हे आहे, आणि ते मूळ कार्यक्रमात नव्हतं याची मला खंत वाटते.

दुसरी तक्रार, पडद्यावरची सगळी माहिती इंग्रजीत आणि चित्रं बर्फाची, परदेशी चक्रीवादळांची. माझ्या वर्गातली मुलं घरी पावरी बोलतात, मराठी शाळेत शिकतात. त्यांच्यापर्यंत हे न्यायचं तर आधी मलाच मराठीत मिळायला हवं. टिपणांची पुस्तिका मराठीत करा, एवढी एकच सुधारणा केली तरी कार्यशाळेची किंमत दुप्पट होईल.

मोसमी पावसाच्या अंदाजाचं व्याख्यान मात्र उत्तम झालं. जून ते सप्टेंबर देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर, आणि त्याच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण. हा आकडा पूर्ण देशाचा. त्यावरून धडगावात किंवा अमळनेरात किती पडेल हे निघत नाही. मुक्ताईनगरच्या एकांनी भेंडवळच्या घटमांडणीचा विषय काढला. बुलढाणा जिल्ह्यात अक्षय तृतीयेला होणाऱ्या त्या मांडणीचं पाऊस-पिकाचं भाकीत आमच्याकडेही चवीने वाचतात. व्याख्यात्यांनी कुणाची टिंगल केली नाही. म्हणाले, भाकीत वहीच्या डाव्या पानावर लिहा, उजव्या पानावर रोजचं मोजमाप, आणि सप्टेंबरअखेर मुलांनाच दोन्ही पानं वाचायला द्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घराघरांत घागर मांडणाऱ्या गावात शिकवायचं तर हीच रीत हवी.

राहण्याबद्दल स्पष्ट लिहिते. बायकांची सोय वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडायचा. कूलर होता, पण पाणी संध्याकाळीच संपायचं. आम्ही साहित्याच्या पेटीतला तापमापक खोलीत टांगला. रात्री अकराला आत ३६ आणि अंगणात ३१. ते कागदावर लिहून व्यवस्थापनाला दिलं, तेव्हा कुठे खालचा हॉल मिळाला. हवामानाच्या कार्यशाळेत हे पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं. लहान मूल किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी तळमजल्याची खोली लेखी मागून घ्यावी. जेवण चांगलं. दुपारी ताक-कांदा भरपूर, एका रात्री वरण-बट्टी, एकदा शेवभाजी, आणि आमरसाला कुणी हात आखडता घेतला नाही.

साहित्याच्या पेटीत ओला-कोरडा तापमापक, कमाल-किमान तापमापक, होकायंत्र, प्लास्टिकचा पर्जन्यमापक आणि नोंदवही आहे. नोंदवही फार चांगली, रोजच्या रकान्यांत ढगांचं चित्र काढायलाही जागा ठेवली आहे. तापमापक काचेचे आहेत, एसटीने नेताना कपड्यांत गुंडाळून मांडीवर ठेवा. पुढे काय, हे मात्र आयोजकांनी सांगितलेलं नाही. सहभागी शाळांच्या नोंदी एकत्र कुठे पाठवायच्या, कुणी तपासायच्या, तापमापक फुटला तर दुसरा कुठून मिळेल, काहीच ठरलेलं नाही. मी अभिप्रायात तेच लिहिलं आहे. महिन्यातून एकदा कागदावर नोंदी मागवा, पोस्टाने चालतील, आणि पुढची कार्यशाळा शहाद्याला किंवा नंदुरबारला घ्या. अक्कलकुवा, तळोदा, धडगावच्या शिक्षकांना तिथे निम्म्या वेळात पोचता येईल.