एमकॅटसाठी अंकी: सायकॉलॉजीला झकास, फिजिक्सला भोपळा

अमेरिकेत मेडिकलला जायचं म्हणून एमकॅटची तयारी करणाऱ्या कुणाशीही पाच मिनिटं बोला, अंकीचं नाव निघतंच. एक गट म्हणतो याच्याशिवाय पान हलत नाही, दुसरा म्हणतो दिवसभर बटणं दाबण्यात वेळ गेला आणि स्कोअर जिथल्या तिथे. मी काही महिने रोज वापरतेय आणि माझं मत असं की दोघंही बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या विषयांबद्दल बोलतायत आणि हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून हा रिव्ह्यू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अंकी म्हणजे फ्लॅशकार्डचं सॉफ्टवेअर, २००६ पासून आहे, काँप्युटरवर फुकट. कार्डावर प्रश्न येतो, उत्तर मनात आठवायचं, मग कार्ड उलटायचं आणि आठवलं की नाही त्याप्रमाणे चारपैकी एक बटण दाबायचं. आठवलं तर ते कार्ड चार दिवसांनी येतं, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्या-दीड महिन्याने. विसरलात की परत पहिल्यापासून. एवढंच आहे बघा, बाकी काही जादू नाही.

आता परीक्षेबद्दल थोडं, कारण गावाकडच्या नातेवाईकांना अजून वाटतं की एमकॅट म्हणजे तिकडची नीट. सांगलीहून मावशीचा फोन आला की पहिला प्रश्न तोच, "झाली का गं तुझी नीट?" नीट बारावीनंतर, इथे आधी चार वर्षांची डिग्री, मग ही परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल स्कूल. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, १८० प्रश्न, चुकलं की एक मार्क कट. एमकॅटला २३० प्रश्न, चार सेक्शन, ब्रेक वगैरे धरून साधारण साडेसात तास तिथे अडकलेले, पण निगेटिव्ह मार्किंग नाही. आणि कॅल्क्युलेटरही नाही. प्रत्येक सेक्शनला ११८ ते १३२, एकूण ४७२ ते ५२८. आकडे असे विचित्र का ठेवलेत कोण जाणे, बाबांना अजून पटत नाही की ५०० म्हणजे मधला स्कोअर आहे, त्यांना पाचशे ऐकून पेढे वाटावेसे वाटतात.

चारातला एक सेक्शन सायकॉलॉजी-सोशियॉलॉजीचा आहे, एप्रिल २०१५ पासून आणला. ५९ प्रश्न, ९५ मिनिटं, आणि वजन बायोकेमिस्ट्रीच्या सेक्शनइतकंच. त्यात साधारण ६५ टक्के सायकॉलॉजी, ३० टक्के सोशियॉलॉजी, ५ टक्के बायो. आणि हाच सेक्शन आपल्या घरांमध्ये सगळ्यात हलक्यात घेतला जातो, "सायकॉलॉजीत काय एवढं, कॉमन सेन्स आहे सगळं". नाही हो. कॉमन सेन्सने चारपैकी दोन पर्याय उडतात आणि उरलेल्या दोघांमध्ये अडकायला होतं, कारण दोन्ही ऐकायला बरोबरच वाटतात, फरक फक्त व्याख्येचा असतो. ती व्याख्या डोक्यात पक्की नसेल तर हुशारीचा काही उपयोग नाही.

इथे अंकी अक्षरशः सोनं आहे. पियाजेच्या चार स्टेजेस (मुलांची विचारशक्ती कशी वाढते), एरिक्सनच्या आठ (माणूस आयुष्यभर कसा घडतो), कोहलबर्गच्या तीन पातळ्या (बरं-वाईट कसं ठरवतो) आणि त्यात परत दोन-दोन स्टेजेस, भावनांच्या थिअऱ्या (जेम्स-लांगे म्हणते आधी शरीर मग भावना, कॅनन-बार्ड म्हणते दोन्ही एकदम, शाख्टर-सिंगर म्हणते शरीराची धडधड आणि त्याला तुम्ही दिलेलं नाव मिळून भावना), हे सगळं एकदा वाचून समजतं आणि आठवड्याने खिचडी होते. कार्डांवर ते वेगळं वेगळं राहतं.

पण एक करा, पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी कार्डावर टाकू नका. मी सुरुवातीपासून घरातली उदाहरणं टाकली. भांडी घासेपर्यंत आईची कटकट चालू असते, घासली की बंद, म्हणून पुढच्या वेळी पोरगं कटकटीआधीच घासून टाकतं, हे निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट (रीइन्फोर्समेंट म्हणजे ज्याने ते वागणं वाढतं, पनिशमेंट म्हणजे ज्याने कमी होतं). पाठीत धपाटा, ही पॉझिटिव्ह पनिशमेंट. फोन काढून घेतला, ही निगेटिव्ह पनिशमेंट. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं नव्हे तर काहीतरी आणलं, निगेटिव्ह म्हणजे काहीतरी काढून घेतलं, हे धपाट्यामुळे जे डोक्यात बसलं ते उंदीर आणि पिंजऱ्याच्या चित्रांनी कधीच बसलं नसतं. तसंच रोल कॉन्फ्लिक्ट आणि रोल स्ट्रेन. ऑफिसची मीटिंग आणि पोराच्या शाळेचं गॅदरिंग एकाच वेळी आलं की दोन भूमिकांची टक्कर, म्हणजे कॉन्फ्लिक्ट. मॅनेजर म्हणून टीमला सांभाळूनही घ्यायचं आणि त्यांचंच अप्रेझल कडक करायचं, ही एकाच भूमिकेतली ओढाताण, म्हणजे स्ट्रेन.

माझं सगळ्यात आवडतं कार्ड मर्टन या समाजशास्त्रज्ञाच्या मॅनिफेस्ट आणि लेटंट फंक्शनचं आहे. पुढच्या बाजूला लिहिलंय "इथल्या मराठी मंडळाचा गणपती". मागे, मॅनिफेस्ट म्हणजे उघड हेतू, पूजा-आरती. लेटंट म्हणजे न ठरवता होणारं काम, नवीन आलेल्यांना ओळखी होणं, घर भाड्याने मिळणं आणि अर्थातच स्थळं जुळणं. एका मैत्रिणीने यावर वाद घातला की टिळकांनी १८९३ साली सार्वजनिक गणपतीचा पुढाकार घेतला तोच मुळी लोक एकत्र यावेत म्हणून, मग ते लेटंट कसं? बरोबर आहे तिचं, हेतू उघड असेल तर ते मॅनिफेस्टच. पण तो वाद झाला आणि तेव्हापासून दोघींचा तो प्रश्न कधी चुकला नाही, मी कार्डाच्या मागे टिळकही लिहून टाकले.

गंमत म्हणजे अंकी चालतं का, हे याच सेक्शनच्या सिलॅबसमध्ये आहे. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून किती दिवसांत किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ साली छापलं, तो विसरण्याचा कर्व्ह, मग थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली की जास्त टिकतं तो स्पेसिंग इफेक्ट, मग नुसतं परत वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतल्याने जास्त लक्षात राहतं तो टेस्टिंग इफेक्ट. म्हणजे अभ्यासाचं साधन आणि अभ्यासाचा विषय एकच.

आता सायन्स. इथे सरसकट बोलता येत नाही.

वीस अमिनो आम्लं, त्यांची तीन अक्षरी नावं, एक अक्षरी नावं, चार्ज, हे कार्डांवरच करा, दुसरा मार्ग नाही. पण त्याच्यापुढे काय होतं ते एका उदाहरणाने सांगते. पॅसेजमध्ये, म्हणजे प्रश्नांआधी दिलेल्या उताऱ्यात, कुठेतरी बारीक अक्षरात "ई६व्ही" एवढंच लिहिलेलं असू शकतं. कार्ड पाठ असेल तर लगेच कळतं की हिमोग्लोबिनच्या सहाव्या जागी ग्लुटामेट होतं तिथे व्हॅलीन आलं, म्हणजे हा सिकलसेल हा रक्ताचा आजार, आपल्याकडे नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी भागात आढळतो तोच. इथपर्यंत अंकीने पोचवलं. पण प्रश्न हा नसतोच. प्रश्न असतो की जेलवर (विजेच्या जोरावर चार्जप्रमाणे प्रोटीन वेगळी करतात ती पद्धत) नेहमीचं आणि सिकलवालं हिमोग्लोबिन एकत्र सोडलं तर प्लस टोकाकडे जाताना मागे कोण राहील. मग विचार करावा लागतो, ग्लुटामेटवर मायनस चार्ज, व्हॅलीनवर काहीच नाही, म्हणजे सिकलवाल्याचा मायनस चार्ज कमी, म्हणजे तो प्लसकडे हळू जाणार, म्हणजे तो मागे. दुसरा प्रश्न, ऑक्सिजन सुटल्यावरच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना का चिकटतात? तर पाण्याला टाळणारं व्हॅलीन शेजारच्या रेणूवरच्या तशाच खाचेत जाऊन बसतं आणि ती खाच ऑक्सिजन नसतानाच्या आकारात उघडी पडते. ही साखळी कार्डावर लिहून पाठ करता येते, नाही असं नाही, पण पुढच्या पॅसेजमध्ये प्रोटीन दुसरं असतं आणि साखळी नव्याने जोडावी लागते. पाढे पाठ असल्याशिवाय गणित सुटत नाही पण पाढे म्हणजे गणित नव्हे, तसंच आहे हे.

एन्झाइम इनहिबिशनला (एन्झाइमचं काम अडवणारी द्रव्यं) मात्र अंकीचं चित्र झाकायचं फीचर फार कामाचं आहे. ग्राफ टाकायचा, रेषांची नावं झाकायची आणि ओळखायचं. कॉम्पिटिटिव्हला केएम (निम्म्या वेगासाठी लागणारं द्रव्य) वाढतो, व्हीमॅक्स (सगळ्यात जास्त वेग) तोच, उलट्या ग्राफवर (दोन्ही अक्षांवर आकड्यांचे व्यस्त घेऊन काढलेल्या) रेषा वाय अक्षावर भेटतात. अनकॉम्पिटिटिव्हला दोन्ही कमी होतात आणि रेषा समांतर. शब्दांत घोकलं तर परीक्षेत हमखास उलटंपालटं होतं, ग्राफ डोळ्यांसमोर असला की नाही होत. पूर्वी यासाठी वेगळं अॅड-ऑन टाकावं लागायचं, २०२३ च्या शेवटी आलेल्या व्हर्जनपासून ते आतच मिळतं.

फिजिक्सला मात्र भोपळा. सूत्रं कार्डावर टाका, मूठभरच आहेत, दोन आठवड्यांत पाठ होतात आणि मग ती कार्डं नुसती येत राहतात आणि आपण काहीतरी अभ्यास करतोय असं उगाच बरं वाटत राहतं. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळा पटींनी कमी होतो हे कार्डावरून येईल, पण प्रश्नात त्रिज्या वीस टक्क्यांनी कमी केलेली असते आणि कॅल्क्युलेटर नसतो, ०.८ चा चौथा घात बोर्डावर मार्करने काढायचा (०.६४ चा वर्ग, म्हणजे ०.४१ च्या आसपास, सुटला) आणि हा हात फक्त गणितं करूनच बसतो. जनरल केमिस्ट्रीचंही बरंचसं असंच. आणि उताऱ्यांचा सेक्शन, कार्स, त्याला तर अंकीचा शून्य उपयोग, तिथे काही पाठच करायचं नसतं, तिथे वाचनच लागतं.

आता खुद्द सॉफ्टवेअरबद्दल. दिसायला एकदम जुनाट, कुठलं सेटिंग कशासाठी ते पहिल्या दिवशी कळत नाही, आणि नवखा माणूस तिथेच सोडून देतो. तर दोनच गोष्टी करा. एक, सेटिंगमध्ये एफएसआरएस नावाचं नवीन अल्गोरिदम चालू करा, २०२३ पासून आलंय, ते तुमच्या स्वतःच्या विसरण्यावरून पुढची तारीख ठरवतं. त्यात किती टक्के लक्षात राहायला हवं ते विचारतात, ९० आधीच असतं, ते राहू द्या. हुशारी करून ९५-९७ केलंत की रोजची कार्डं इतकी वाढतात की दुसरं काही करायला वेळच उरत नाही. दोन, "हार्ड" बटण. विसरलेलं असताना "अगेन" दाबायचं जिवावर येतं म्हणून लोक हार्ड दाबतात, पण अंकीच्या लेखी हार्ड म्हणजे आठवलं, जरा कष्टाने आठवलं इतकंच. मग न येणारं कार्ड पुढे पुढे ढकललं जातं आणि अल्गोरिदमचाही हिशोब बिघडतो. विसरलात तर अगेन, लाजायचं काय, बघतंय कोण.

तयार डेक (कार्डांचा संच) घ्यायचा की स्वतः बनवायचा यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं म्हणणं, सायको-सोशियोला तयार डेक घ्या, संज्ञा ठरलेल्या आहेत, त्यात उदाहरणं आपली घाला. सायन्सला स्वतःची कार्डं, आणि तीही जिथे सराव प्रश्न चुकला तिथलीच. हजारो कार्डांचा तयार सायन्स डेक म्हणजे जे तुम्हाला कॉलेजपासून येतंय त्याचीच रोज उजळणी. आधी विषय समजून घ्या मग कार्ड, उलटं नको. समजून घ्यायला खान अकॅडमीचे एमकॅटचे फुकट व्हिडिओ चांगले आहेत, विशेषतः सायकॉलॉजीचे. मी एका मोठ्या क्लासचा ऑनलाइन कोर्सही घेतला होता, नाव लिहीत नाही, फी ऐकून आजीने रुपयांत हिशोब केला आणि देवापुढे जाऊन बसली. तिथे सायकॉलॉजी शेवटच्या दोन लेक्चरमध्ये धावतपळत उरकली आणि सोशियॉलॉजीला सर म्हणाले की हे घरी वाचून घ्या. घरी वाचायला मग अंकीच होतं.

आणखी एक, सायको सेक्शनमध्येही सगळंच पाठांतरावर नाही. ५९ पैकी ४४ प्रश्न पॅसेजवरचे असतात आणि त्यात बरेचदा एखाद्या संशोधनाचा टेबल दिलेला असतो, व्हेरिएबल कुठला, कंट्रोल काय केलं, निष्कर्ष टेबलवरून निघतो की नाही. याचं कार्ड बनत नाही. त्यासाठी एएएमसी, म्हणजे परीक्षा घेणारी संस्था, तिचे स्वतःचे प्रश्न आणि पूर्ण लांबीचे पेपर सोडवा, आणि ते शेवटच्या दीड-दोन महिन्यांसाठी राखून ठेवा, आधीच उडवून टाकू नका. त्या काळात मी नवीन कार्डं बंद ठेवली, फक्त आलेली उजळणी करायची, सकाळी चहाबरोबर.

पैशाचं म्हणाल तर काँप्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट, आयफोनवरचं मात्र पंचवीसेक डॉलर, एकदाच. आयफोनवर घेताना "अँकीमोबाइल" हेच नाव बघून घ्या, स्टोअरमध्ये मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच अॅप्स असतात, त्यातली काही दरमहा पैसे मागतात, आणि त्यांचा मूळ अंकीशी काही संबंध नाही. पंचवीस डॉलर जड वाटत असतील तर फोनच्या ब्राउझरमध्ये अंकीवेब उघडा, तेही फुकट, चित्रवाली कार्डं जरा हळू उघडतात पण बसमध्ये सायकॉलॉजी करायला पुरतं.