३६ इंची घडीचा डॉग क्रेट : तारा टिकल्या, ट्रेने दगा दिला

कुत्र्यासाठी घेतलेल्या या घडीच्या तारेच्या पिंजऱ्याची, म्हणजे क्रेटची, एकही तार आजवर वाकलेली नाही आणि दोन्ही दारांच्या सरकत्या कड्या अजून नव्यासारख्या बसतात. तरीही ऐन मे महिन्यात हा क्रेट अडगळीत टाकण्याची वेळ आली होती, कारण त्याच्या तळाचा प्लॅस्टिकचा ट्रे मधोमध उकलला. विकत घेताना तारांची जाडी, काळा रंग आणि घडीची सोय यांवर दुकानदारही भरभरून बोलतो आणि खरेदीदारांचे अभिप्रायही. ट्रेविषयी मात्र ‘काढून धुता येतो’ यापलीकडे कोणी काही सांगत नाही. कुत्रे तारांवर झोपत नाही, ते ट्रेवर झोपते, त्यावर उलटी करते, त्यावरच नखांनी माती उकरल्यासारखे करते. म्हणून या लेखात ट्रेला जरा जास्त जागा मिळणार आहे.

आमची भुरी गावठी कुत्री आहे आणि तिचे वजन १८ किलोच्या आसपास भरते. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि जमिनीपासून कानांपर्यंतची उंची मोजून दोन्हींत चार-पाच इंच मिळवले की ३६ इंचांचे माप निघत होते. दुकानदार ४२ इंचीसाठी आग्रह करत होता. परंतु कुत्र्याला आत नीट उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून झोपता यावे, एवढी जागा पुरे असते. त्याहून मोठा क्रेट घेतला तर लहान वयाचे कुत्रे एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात घाण करते. कापडी क्रेट वजनाला हलका होता, पण चेन आणि जाळी दातांपुढे फार दिवस टिकणार नव्हती, शिवाय कापडात मुरलेला लघवीचा वास जात नाही. कडक प्लॅस्टिकची पेटी विमानप्रवासासाठी योग्य असते. निव्वळ तारेच्या जाळीचे पिंजरे विमानात चालत नाहीत, हे ज्यांना कुत्रा विमानाने न्यायचा आहे त्यांनी आधीच लक्षात घ्यावे. आम्हाला विमान गाठायचे नव्हते, नागपूरचा उन्हाळा काढायचा होता. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून आणि थंड जमिनीला पोट टेकवून ते शरीर निववते. कूलरचा झोत चारही बाजूंनी आरपार जाईल असा क्रेट म्हणजे तारांचाच, याविषयी माझे मत तेव्हाही पक्के होते आणि आजही आहे. सोबत गळ्यात मारले जाणारे, क्रेटवर घालायचे जाड कापडी आच्छादन मी घेतले नाही. विदर्भात त्याची गरज फक्त डिसेंबर-जानेवारीच्या रात्री भासते आणि तेवढ्यापुरती घरातली जुनी चादर पुरते.

आता ट्रेकडे वळतो. क्रेटबरोबर आलेल्या पत्रकात ‘ट्रे साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावा’ अशी स्पष्ट सूचना छापलेली होती. त्याप्रमाणे तो गच्चीवर वाळत असे. पारा ४५ अंशांवर गेला, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला आणि ट्रेचा मधला भाग आधी फुगला, मग भुरीच्या एका उडीसरशी चिरला. ट्रेच्या पाठीवर त्रिकोणात ५ हा आकडा आहे, म्हणजे तो पॉलिप्रॉपिलीनचा आहे. उन्हापासून संरक्षण देणारे द्रव्य मिसळलेले नसेल तर हे प्लॅस्टिक अतिनील किरणांनी ठिसूळ होत जाते. ज्या देशात हा माल विकायचा आहे, तेथे ऊन पडते याची उत्पादकाला कल्पना असावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

त्यानंतर सुरू झाला तो पत्रव्यवहार. ग्राहक सेवेचे पहिले उत्तर असे, की उन्हामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. मी त्यांच्याच पत्रकाचे छायाचित्र पाठवले. दुसऱ्या उत्तरात उन्हाचा उल्लेख गायब झाला आणि ‘ट्रे हा वापराने झिजणारा भाग आहे’ असा नवा मुद्दा आला. ठीक आहे, झिजणारा भाग असेल तर तो सुटा विकत द्या, मी पैसे मोजतो, असे कळवल्यावर समजले की सुटा ट्रे मिळतच नाही. पूर्ण क्रेट घ्यावा लागेल. म्हणजे ४,८०० रुपयांच्या वस्तूतील सर्वांत स्वस्त भाग गेला की बाकीचे शाबूत लोखंड भंगारात घालायचे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर कंपनीची भाषा मवाळ झाली, आणि पुढील खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले. त्याची मुदत महिनाभराची होती. ती केव्हाच उलटून गेली.

तोडगा निघाला तो नागपुरातल्या इतवारीच्या लोहा ओळीत, म्हणजे लोखंडी मालाच्या बाजारात. तेथे पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिरापुढे मी फुटका ट्रे ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “भाऊ, दोन इंचाचा काठ देतो ना याले, पानी भायेर नाही येनार.” कल्पना उत्तम होती, पण क्रेटच्या तळाशी ज्या फटीतून ट्रे सरकतो ती जेमतेम सव्वा इंचाची असल्यामुळे काठ एका इंचावरच थांबवावा लागला. २४ गेज जाडीचा, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, कोपरे न कापता दुमडलेले, म्हणून कोठूनही गळती नाही, आणि काठाची धार आत वळवून बोथट केलेली. मजुरीसह साडेसातशे रुपये लागले. ज्या कुत्र्याला काठ चावण्याची खोड आहे, त्याच्यासाठी मात्र हा पत्रा घेऊ नये. जस्त पोटात गेल्यास कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. तेथे स्टेनलेस स्टीलच हवे, मग त्याला जास्त पैसे पडले तरी चालतील.

पत्र्याच्या ट्रेविषयी माझे मत दोनदा बदलले. पहिल्या रात्री भुरी कूस बदलत होती आणि घरात कोणी भांडी आवरत असल्याचा भास होत होता. प्लॅस्टिकचा ट्रे निदान मुका होता, असे तेव्हा वाटले. ट्रेखाली जुन्या सतरंजीच्या पट्ट्या घातल्यावर खडखडाट बराच कमी झाला. त्यानंतर असे दिसले, की दुपारी कूलर लागला की भुरी आपले अंथरूण पायांनी बाहेर ढकलून उघड्या पत्र्यावर पोट टेकवून पसरते आणि तिच्या धापा लवकर थांबतात. प्लॅस्टिकवर हे कधी घडले नव्हते. पावसाळ्यात हवाच दमट झाल्याने कूलरचा उपयोग उरला नाही, तरी फॅनखालीही पत्रा तिला पसंत होता. थंडीत मात्र याच गुणाचा दोष होतो आणि खाली गोणपाट व वर घोंगडीचा तुकडा घातल्याशिवाय ती आत पाऊल ठेवत नाही.

दोन दारांच्या क्रेटसाठी जास्तीचे पैसे मोजताना मी कुरकुर केली होती. आज एका दाराचा क्रेट मी फुकटही घेणार नाही. कपाट आणि कूलर यांच्या मधल्या जागेत क्रेट बसवल्यावर पुढचे दार कूलरच्या स्टँडला अडते आणि बाजूचे दारच कामी येते. ते दिवसभर उघडे असते; शिक्षा म्हणून भुरीला आत कधी कोंडलेले नाही आणि रात्रीचे जेवण मात्र नेहमी आतच दिले जाते. याचे फळ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दिसले. मारबतीच्या मिरवणुकीचे ढोल-ताशे गल्लीच्या तोंडाशी आले, तेव्हा एरवी पलंगाखाली शिरून थरथरणारी भुरी कोणीही न सांगता क्रेटमध्ये जाऊन बसली. क्रेटच्या तीन बाजूंवर चादर टाकली, एवढेच आम्ही केले. दिवाळीच्या फटाक्यांतही तिने तेच केले. जाहिरातीतला ‘कुत्र्याचे स्वतःचे घर’ हा दावा वाचून मी हसलो होतो, पण या एका बाबतीत कंपनी खोटे बोललेली नाही.

‘पोर्टेबल’ या दाव्याला मात्र अर्धेच गुण देता येतील. घडी सुबक होते, परंतु पत्र्याच्या ट्रेचे अडीच किलो धरून हे धूड दुसऱ्या मजल्यावरून एकट्याने उतरवणे सोपे नाही. लहान हॅचबॅकमध्ये घडी घातलेला क्रेट मावतो, उघडा मावत नाही. त्यामुळे वर्ध्याला किंवा अमरावतीला जाताना भुरी मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली असते आणि क्रेट मुक्कामी पोहोचल्यावर उघडला जातो. ट्रे अशा वेळी थेट उन्हात राहणार नाही असा ठेवावा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत पत्रा हात लावू देत नाही.

गंज आता कंपनीच्या लोखंडावर चढू लागला आहे. कूलरचे तुषार सतत येत असल्याने ट्रे ज्या आडव्या तारांवर टेकतो त्यांच्या वेल्डिंगच्या जागी काळा रंग सुटून तांबूस ठिपके दिसतात. पॉलिश पेपरने घासून तेथे गंजरोधक रंगाचा हात मारला आहे आणि दोन दिवस भुरीला त्यापासून दूर ठेवले होते. ट्रेच्या जस्तावरही लघवीचा डाग पांढरट उमटतो. त्याच दिवशी धुतला तर राहत नाही.

ज्यांचा ट्रे असाच गेला आहे, त्यांनी लोहा ओळीत जाताना जुन्या ट्रेचे माप नेऊ नये, कारण उन्हाने वाकलेला ट्रे खोटे माप देतो. क्रेट उघडून तळाच्या तारांमधले आतले अंतर दोन ठिकाणी मोजावे, लहान आकडा धरावा, त्यातून दोन्ही बाजूंना सुताभर (इंचाचा आठवा भाग) जागा सोडावी आणि ट्रे सरकण्याच्या फटीची उंची वेगळी लिहून न्यावी.