सुट्टीचे दोन दिवस: घरी राहावे की डोंगरवाट धरावी?

आठवड्याची सुट्टी कुटुंबाने मिळून कशी घालवायची, हा प्रश्न बहुतेक घरांत सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी निघतो आणि त्याचे उत्तर त्या वेळी घरात जो सर्वांत जास्त दमलेला असेल तोच देऊन टाकतो. साहजिकच कौल घरी राहण्याच्या बाजूने लागतो. तो दर वेळी चुकीचा असतो असे नाही, पण विचार करून दिलेला असतो असेही म्हणता येत नाही. घरी राहणे म्हणजे आराम आणि डोंगरात चालायला जाणे म्हणजे व्यायाम, अशी सरधोपट विभागणी करून तुलना केली की दोन्ही पर्यायांवर अन्याय होतो. माझ्या मते दोहोंतला मुख्य फरक कष्ट कधी पडतात, यात आहे. घरची सुट्टी सुरू व्हायला काहीच करावे लागत नाही, मात्र ती एकत्र घालवायची तर दिवसभर प्रयत्न करावे लागतात. भटकंतीसाठी आदल्या दिवशी कोणाला तरी खपावे लागते, मात्र एकदा पायवाटेला लागल्यावर माणसे आपोआप एकत्र राहतात, कारण वाट एकच असते.

घरच्या सुट्टीतली सकाळची अकराची वेळ पाहावी. एक जण कपडे धुण्याच्या यंत्रापाशी असतो, दुसरा ‘दोनच मिनिटे’ म्हणून कार्यालयाची ईमेल उघडून बसलेला असतो, मोठ्या मुलाच्या कानाला हेडफोन असतो आणि धाकटे मूल हातात खेळाचा डबा घेऊन या खोलीतून त्या खोलीत ‘माझ्याशी कोण खेळणार?’ असे विचारत फिरत असते. चौघेही घरीच असतात, तरी एकत्र कोणीच नसते. यात कोणाचा दोष नाही. आठवडाभर तुंबलेली कामे सुट्टीच्या वाट्याला येतात आणि घरात असताना ती सतत डोळ्यांसमोर दिसत राहतात. डोंगरात गेलेल्या माणसाचीही कामे शिल्लक असतात, पण ती त्याला दिसत नाहीत. मानसिक विश्रांतीच्या दृष्टीने हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

तरीही घराची एक बाजू भटकंतीला कधीच भरून काढता येत नाही, ती म्हणजे झोप आणि मोकळा वेळ. निद्राविज्ञानातील तज्ज्ञांच्या सर्वमान्य शिफारशींनुसार सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 9 ते 12 तास, तर किशोरवयीन मुलांना 8 ते 10 तास झोप हवी असते. ज्या आठवड्यात ही झोप रोज थोडी थोडी बुडालेली आहे, त्या आठवड्याच्या शेवटी मुलाला पहाटे उठवून डोंगराकडे नेणे म्हणजे उसनवारी वाढवणे होय. अर्थात घरी राहून दुपारपर्यंत लोळत पडणे हाही उपाय नव्हे. सुट्टीच्या दिवशी झोपेची वेळ दोन-तीन तासांनी सरकली की शरीराचे घड्याळ मागे पडते आणि पुन्हा शाळा-कार्यालय सुरू होण्याच्या दिवशी विमानप्रवासानंतर येतो तसा जडपणा येतो. जर्मन संशोधक टिल रोएनेबर्ग यांनी 2006 मध्ये सहकाऱ्यांसह या प्रकाराला ‘सोशल जेटलॅग’ असे नाव दिले. तेव्हा झोपेसाठी घर निवडायचे असेल, तर रात्री लवकर झोपून ते साधावे; सकाळ वाया घालवून नव्हे.

शरीराच्या हालचालीचा हिशेब वरवर पाहता भटकंतीच्या बाजूने एकतर्फी दिसतो, पण त्यातही थोडी मेख आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. तीन तासांची चढ-उताराची वाट यातला किमान वाटा एका दिवसात पुरा करते. मुलांसाठीचा निकष मात्र वेगळा आहे: पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी सरासरीने रोज 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, असे त्याच सूचना सांगतात. म्हणजे आठवड्यातून एकदा डोंगर चढून मोठ्यांचे भागते, मुलांचे भागत नाही. ज्या घरातली मुले रोज मैदानावर धावतात, त्या घराने केवळ व्यायामासाठी डोंगर गाठण्याचे कारण नाही.

डोळ्यांच्या बाबतीतही असेच आहे. घरातल्या दिव्यांचा प्रकाश साधारणपणे काहीशे लक्स असतो, तर स्वच्छ दिवशी उघड्यावर तो दहा हजार लक्सच्या पुढे सहज जातो. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या बारा शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे जादा वेळ बाहेर ठेवून तीन वर्षे पाहणी करण्यात आली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार या मुलांपैकी 30.4 टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टिदोष झाला, तर नेहमीच्याच वेळापत्रकात राहिलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण 39.5 टक्के होते. हा लाभ मोकळ्या प्रकाशाचा आहे, उंचीचा नाही. तो घराखालच्या अंगणातही मिळतो. भटकंतीचा पुरस्कार करणारे लोक हा मुद्दा डोंगराच्या खात्यावर टाकतात, ते मला पटत नाही.

डोंगराच्या खात्यावर निःशंकपणे टाकावी अशी गोष्ट म्हणजे बोलणे. घरात बोलायला समोरासमोर बसावे लागते आणि आई किंवा वडील समोर येऊन बसले की वाढत्या वयाच्या मुलाला चौकशी सुरू झाल्यासारखे वाटते. पायवाटेवर सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला असतात, नजरेला नजर द्यावी लागत नाही, मध्येच गप्प राहिले तरी ते खटकत नाही आणि चढणीवर दम लागत असल्यामुळे मोठ्यांना लांबलचक उपदेश करता येत नाही, हा तर फायदाच म्हटला पाहिजे. घरी ‘शाळेत काय झाले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ एवढेच उत्तर देणारा मुलगा तासाभराच्या चालीनंतर आपणहून मित्राशी झालेल्या भांडणाची गोष्ट काढतो, असा अनुभव पुष्कळ पालक सांगतात. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने याच्याशी जोडता येईल अशी एक मांडणी केली आहे. ठरवून एकाग्र होण्याची आपली क्षमता वापराने थकते आणि पाने, पाणी, ढग अशा सहज गुंतवणाऱ्या, पण जोर न लावणाऱ्या गोष्टींमध्ये वावरल्याने ती सावरते, असे ते म्हणतात. पडद्यासमोर घालवलेली सुट्टी शरीराला विश्रांती देत असली, तरी या थकव्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

आता भटकंतीची किंमत पाहू. ती पैशांत फारशी नसते. सोप्या, कमी उंचीच्या वाटेला पकड असलेल्या तळव्यांचे बूट, पुरेसे पाणी, एक जादा कपडा आणि प्रथमोपचाराची छोटी पिशवी एवढे पुरते. खरी किंमत तयारीच्या श्रमाची असते आणि निर्णयाच्या वेळी तीच हिशेबात धरली जात नाही. हवामान कोण पाहणार, डबे कोण भरणार, धाकट्याचे बूट अजून पायात बसतात की नाही हे आदल्या रात्री कोण तपासणार आणि परत आल्यावर चिखलाचे कपडे कोणाच्या वाट्याला येणार, या चारही प्रश्नांचे उत्तर एकाच व्यक्तीचे नाव असेल, तर त्या व्यक्तीसाठी भटकंती ही सुट्टी नसून कामाचा आणखी एक दिवस आहे. अशा घराने आधी कामांची वाटणी करावी आणि मग वाट शोधावी. आपापली पिशवी प्रत्येकाने आपणच भरायची, हा नियम शाळकरी मुलांनाही लावता येतो. त्यांच्या पाठीवरचे ओझे त्यांच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहील एवढे पाहावे. घरच्या सुट्टीलाही हीच कसोटी लावायला हवी, कारण सगळे आराम करत असताना दिवसभर स्वयंपाकघरात उभे राहणारे माणूस तिथेही एकच असते.

वेळेचा अंदाज हा नवख्या कुटुंबांचा हमखास घसरण्याचा मुद्दा आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी 1892 मध्ये घालून दिलेला ठोकताळा आजही वापरला जातो: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि त्यावर दर 600 मीटर चढाईसाठी एक तास जादा. या हिशेबाने एकूण सहा किलोमीटरच्या आणि 300 मीटर चढाईच्या वाटेला पावणेदोन तासांहून थोडा कमी वेळ लागेल. मात्र हा ठोकताळा न थांबता चालणाऱ्या धडधाकट प्रौढांसाठी आहे. सहा वर्षांचे मूल सोबत असेल, तर ते वीस पावलांवर मुंग्यांची रांग पाहायला उकिडवे बसते, मग काठी शोधते, मग ती काठी बदलते आणि एवढ्यात पुढे गेलेल्या मोठ्यांना हाका मारते. हा वेळ वाया गेला असे मानायचे असेल, तर त्या मुलाला घेऊन जाऊच नये. वर सांगितलेल्या वाटेसाठी लहान मुलांसह निदान साडेतीन तास धरावेत आणि कुठेही पोहोचलेले असलो तरी अमुक वाजता माघारी वळायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

माघारीची वेळ पाळण्यामागे आणखी एक कारण आहे. चढताना दम लागतो, पण पाय दुखतात ते उतरल्यामुळे. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालत असतात; अशा कामाने त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे त्याच दिवशी न जाणवता पुढच्या एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते. दमलेल्या पायांनी अंधारात उतरताना घसरण्याची शक्यताही वाढते. म्हणून दोन दिवसांच्या सुट्टीत भटकंती नेहमी पहिल्या दिवशी ठेवावी आणि दुसरा दिवस घरासाठी राखावा. असे केल्यास हे दोन पर्याय एकमेकांचे प्रतिस्पर्धी राहत नाहीत आणि लंगडत कामावर जाण्याची शक्यताही कमी होते.

धोक्यांच्या बाबतीत घर अर्थातच सरस आहे, पण डोंगरातले नेहमीचे धोके आधी ओळखता येण्याजोगे असतात. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरीने साडेसहा अंश सेल्सियसने उतरते, तर अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, त्यामुळे थंडी वाजत असतानाही त्वचा भाजू शकते. लहान मुलांच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त असल्याने ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. पाठीवरच्या झोळीत बसवलेल्या बाळाबाबत हे विशेष लक्षात ठेवावे: उचलून नेणारा घामाघूम झालेला असतो आणि म्हणून त्याला हवा उबदार वाटते, पण हालचाल न करणारे बाळ मात्र त्याच वाऱ्यात थंड पडत असते. आधाराशिवाय बसता न येणाऱ्या बाळाला अशा झोळीत बसवून नेऊच नये. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो आणि लहान मुलाला तो शब्दांत सांगता येत नाही, त्यामुळे त्या उंचीच्या वाटा कुटुंबाच्या साध्या सहलीसाठी नाहीत. गडगडाट ऐकू आला तर शिखराचा मोह सोडून खाली उतरावे.

वयाचा विचार केला, तर तीन वर्षांखालील मूल असलेल्या घराने सुट्टी घरीच आणि जवळच्या उद्यानात घालवली, तर फार काही गमावले असे होत नाही. भटकंतीचे खरे सोने होते ते साधारण सहा ते बारा या वयात. अंगात शक्ती असते, आई-वडिलांसोबत जाण्याची लाज वाटत नसते आणि नकाशा हातात दिला तर छाती फुगते. किशोरवयात हाच बेत लादला तर उलटतो. त्या वयाच्या मुलाला वाट निवडण्याचा अधिकार द्यावा, सोबत एखादा मित्र आणू द्यावा, आणि तरीही तो नको म्हणाला, तर त्याला महिन्यातून एखाद्याच वेळी गळ घालावी. आजी-आजोबा सोबत राहत असतील, तर घराचे पारडे पुन्हा जड होते, कारण सर्व पिढ्या सहजपणे एकत्र बसू शकतील अशी जागा घरच असते. मात्र गुडघे धड असतील, तर पायथ्याची सपाट वाट त्यांनाही चालते.

आजारपण, परीक्षा, वादळी हवा किंवा घरातल्या कोणाचे प्रवासाहून नुकतेच परतणे ही घरी राहण्याची चोख कारणे आहेत. पण घर निवडले, तर डोंगरावर जे फुकट मिळते ते घरात मुद्दाम घडवावे लागेल. सकाळचे पहिले दोन तास सगळ्यांनी मिळून कामे उरकावीत, त्यानंतरच्या तीन तासांसाठी मोठ्यांसकट सर्वांचे फोन एका खणात जावेत आणि मध्ये असे काही काम असावे ज्याला एकापेक्षा जास्त हात लागतात: जुन्या छायाचित्रांची लावालाव, सायकलची दुरुस्ती, खिडकीतल्या कुंड्यांची माती बदलणे किंवा सर्वांना जमेल असा बैठा खेळ. हे तीन तास पाळणे ज्या घराला जमते, त्याला डोंगराची गरज कमी भासते. वारंवार ठरवूनही जे घर दर सुट्टीला चार खोल्यांत विखुरते, त्याने महिन्यातून दोनदा तरी बाहेर पडावे, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या खेपेस दोन-अडीच तासांची, चुकण्याची भीती नसलेली, कुठूनही मागे फिरता येईल अशी वाट घ्यावी. आणि सर्वांत धाकटा जिथे ठाम बसून घेईल, तिथेच डबे उघडून परतीला लागावे.