पाय-स्पाय: चालत्या पायथन सर्व्हरसाठी सॅम्पलिंग प्रोफायलर

पायथनचा सर्व्हर प्रत्यक्ष वापरात असताना कुठे वेळ खातोय ते शोधायचं असेल, तर आधी पाय-स्पाय लावा. हा सॅम्पलिंग प्रोफायलर आहे, म्हणजे ठरावीक अंतराने प्रोग्रॅममध्ये डोकावून वेळ कुठे जातो ते मोजणारं टूल. कोडची एक ओळही बदलावी लागत नाही, सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही. हे टूल वेगळ्या प्रोसेसमधून सेकंदाला १०० वेळा कॉल स्टॅक (त्या क्षणी कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलंय याची साखळी) वाचतं. असं प्रत्येक वाचन म्हणजे एक नमुना. पायथनसोबत येणारा सीप्रोफाइल हा प्रोफायलर प्रत्येक कॉल मोजतो, त्यामुळे वारंवार बोलावली जाणारी छोटी फंक्शन्स उगाच महाग दिसतात. इथे तो दोष नाही.

पिपने (पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने) इन्स्टॉल करा, सर्व्हरचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) देऊन 'रेकॉर्ड' कमांड चालवा, तेही खरा लोड असतानाच. ३० सेकंदांत एका थ्रेडचे (प्रोसेसमधल्या कामाच्या एका स्वतंत्र धाग्याचे) फार तर ३,००० नमुने मिळतात. दोनचार नमुन्यांत दिसलेल्या फंक्शनवरून काहीही ठरवू नका. 'रेकॉर्ड' फ्लेम ग्राफ काढतं, म्हणजे फंक्शन्सच्या एकावर एक रचलेल्या पट्ट्यांचं चित्र. त्यातली पट्टीची रुंदी म्हणजे वेळेचा वाटा. डावीकडून उजवीकडे काळ सरकत नाही, आणि नवखे इथेच फसतात.

सर्व्हर डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये चालत असेल आणि परवानगी नाकारली गेली, तर कंटेनरला सिस-पीट्रेस क्षमता (दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावण्याची मुभा) द्यावी लागते. सर्व्हर मंद, पण ग्राफ जवळजवळ रिकामा? डेटाबेसची वाट बघणारे थ्रेड मुळात वगळले जातात. 'आयडल' पर्याय लावा. सी एक्स्टेंशनसाठी (सी भाषेत लिहिलेल्या भागांसाठी) 'नेटिव्ह' पर्याय आहे. नमुना घेताना प्रोग्रॅम क्षणभर थांबतो. ते परवडत नसेल तर 'नॉनब्लॉकिंग' वापरा, मात्र काही नमुने चुकीचे येतील. पूर्ण अडकलेल्या प्रोसेससाठी 'डंप' कमांड अप्रतिम: प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर उभा आहे ते लगेच दिसतं.