जपानला बँकेत जायचंय: आधी टोकियोची लँग्वेज स्कूल की आधी इथली नोकरी?

मावसभावाची पोरगी बीकॉम झाली, जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी निघाली (एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड) आणि आता त्यांच्या विश्रामबागेतल्या घरात रोज एकच विषय, कर्ज काढून टोकियोच्या लँग्वेज स्कूलला जायचं का मुंबईत जपानी कामाची नोकरी धरून मग जायचं. मी पाच वर्षं मुंबईत टोकियोच्या सेटलमेंटचं, म्हणजे शेअर-रोख्यांचे झालेले व्यवहार पुरे करायचं काम केलंय आणि नंतर तीन वर्षं तिकडं राहून आलोय, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

स्कूलमधे भाषा झपाट्यानं येते, यात वाद नाही. दिवसभर कानावर तेच पडतं, आणि आपल्याला वाक्याची ठेवण पण जवळची, क्रियापद शेवटी, 'टोकियो नि' म्हणजे टोकियोला, 'टोकियो कारा' म्हणजे टोकियोहून. कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, मात्र घासावीच लागते, रोजच्या वापरातलीच २१३६ आहेत. पण पैशाचं बघा. वर्षाची फी साधारण सात-आठ लाख येन, स्टुडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम, टोकियोत किमान दर ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १२२६ येन, म्हणजे सगळे तास भरले तरी महिन्याला दीड लाख येनच्या आतच. त्यात खोलीभाडं आणि जेवण कसंबसं निघतं, फी निघत नाही, आणि इकडं हप्ता रुपयात सुरू. दोन वर्षांनी एन२ हातात असली तरी बँकेचा अनुभव शून्य, कारण तो वेळ दुकानाच्या काउंटरवर गेला. तिथल्या मोठ्या बँका नवीन पोरं एप्रिलच्या बॅचला घेतात आणि ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतानाच ठरलेली असतात. जायचंच असेल तर तिथल्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स करा, मग निदान त्या रांगेत तरी उभं राहता येतं.

इथल्या नोकरीत पगार पहिल्या महिन्यापासून. पवईला नोमुरा या जपानी वित्त कंपनीचं मोठं ऑफिस आहे, बंगळूर-पुण्यात पण परदेशी बँकांची असली कामं चालतात. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, तिथला शेअरबाजार आपल्या पहाटे साडेपाचला उघडतो आणि दुपारी १२ ला बंद होतो, त्यामुळं शिफ्ट लवकर संपते आणि संध्याकाळ क्लासला मोकळी. शिवाय 'झान्दाका' म्हणजे शिल्लक, 'फुरिकोमी' म्हणजे पैसे ट्रान्सफर, हे शब्द कामातच तोंडात बसतात. कंपनीत वर्ष झालं की तिच्याच जपानच्या ऑफिसात बदलीचा व्हिसा मिळू शकतो. कुशल लोकांसाठीच्या पॉइंटच्या व्हिसात एन२ ला १०, एन१ ला १५ पॉइंट, आणि तीन वर्षांच्या पुढं अनुभवाचे वेगळे. ७० झाले तर तीन वर्षांत, ८० झाले तर एका वर्षात कायमच्या राहण्याचा अर्ज करता येतो.

खोट पण आहे. दिवसभर काम इंग्रजीत चालतं, जपानी मागं पडते, आणि बदली साहेबाच्या मनावर. मला पाच वर्षं लागली. पहिल्या इंटरव्ह्यूला मी 'ओन्शा' म्हणालो, म्हणजे 'आपली कंपनी', पुस्तकात तेच शिकवतात, पण बँकेशी बोलताना 'ओन्को' म्हणायचं असतं. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं, पुढचे प्रश्न पाच मिनिटांत उरकले. तेव्हा एन२ होती माझ्याकडं, आणि हे परीक्षेत कुठंच नव्हतं. म्हणून ग्राहकासमोरचं काम हवं असेल तर एन१ आणि बोलण्याचा सराव दोन्ही धरून चला, ऑपरेशन्स (पडद्यामागची व्यवहारांची कामं) किंवा रिस्कला (जोखीम मोजायचं काम) त्यापेक्षा कमीत भागतं.

स्टेट बँकेची टोकियो ब्रँच आहे, पण तिथं आधी इथं अधिकारी होऊन वर्षानुवर्षं थांबावं लागतं, भाषेचा त्यात फारसा संबंध नाही.

भाऊ म्हणाला, आपले विट्याचे गलाईवाले कुठली भाषा शिकून देशभर गेले? खरंय, पण ते सोनं गाळायचं काम हातात घेऊन गेले, भाषा तिथं जाऊन शिकले. बँकेचं पण तसंच धरा. आणि आता जपानी बँकाच इकडं यायला लागल्यात, सुमितोमो मित्सुईनं २०२५ मधे येस बँकेत मोठा हिस्सा घेतला, म्हणजे दोन्हीकडचं कळणाऱ्या माणसाला इथंही किंमत येणार.

पोरीनं डिसेंबरच्या एन३ साठी पुणे सेंटर टाकलंय. जमिनीवरचं कर्ज भावानं तूर्त थांबवलंय, आणि रविवारी ती माझ्याकडं येऊन तासभर नुसतं 'ओन्को' लावून वाक्यं बोलते.