सान्तोकू, नाकिरी की ग्युतो? जपानी स्टेनलेस सुरी घेण्याआधी

जपानी सुरी घ्यायची ठरली की सगळा खल आकारावर होतो. आमच्या मते आधी ठरवायचा तो पोलादाचा कडकपणा, कारण वर्षभरानंतर सुरी वापरात राहते की खणात पडून राहते ते त्यावर ठरतं.

रोजच्या वापरातल्या जपानी स्टेनलेस सुऱ्यांचे ढोबळ दोन गट पडतात. मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम हे धातू मिसळलेल्या पोलादाच्या साध्या सुऱ्या रॉकवेल मापात (कडकपणाचं माप, आकडा जास्त तितकं पोलाद कडक) 57-58च्या आसपास असतात. व्हीजी-10 गाभ्याच्या सुऱ्या 60-61 पर्यंत जातात. व्हीजी-10 हे जपानमधल्या फुकुईतल्या ताकेफू कंपनीचं पोलाद, त्यात सुमारे 1 टक्का कार्बन आणि 15 टक्के क्रोमियम. त्याला एका बाजूने 15 अंशांची बारीक धार लागते आणि ती टिकते. पिकलेला टोमॅटो न दबता कापला जातो, चिरलेली कोथिंबीर लवकर काळी पडत नाही.

पण ही धार ठिसूळ असते. लाल भोपळ्यात किंवा सुरणात पातं अडकलं की हात आपोआप ते आडवं पिरगाळतो, आणि तिथेच टवका उडतो. खोबऱ्याची करवंटी, मटणाचं हाड, फ्रीजरमधून थेट काढलेले मासे यांनीही तेच होतं. अर्ध्या मिलिमीटरचा टवका घालवायला 400च्या दगडावर (आकडा कमी तितका दगड भरड) अख्खी धार तेवढी खाली आणावी लागते. मऊ पोलादाची धार अशा वेळी बहुधा नुसती वाकते, 1000च्या दगडावर थोड्या वेळात पुन्हा उभी राहते.

म्हणून घरात सुरी तिघं-चौघं हाताळत असतील तर 57-58वाली घ्या. एकच माणूस चिरतो आणि त्याला दगडावर धार लावायची तयारी आहे, तर व्हीजी-10 खुशाल घ्या. तोजिरो या जपानी कंपनीच्या डीपी मालिकेसारखी साधं पातं असलेली पुरते. दमास्कसची लाटांची नक्षी बाहेरच्या मऊ थरांची असते, धार गाभ्याचीच. नक्षीसाठी जास्त पैसे मोजले म्हणून कांदा अधिक बारीक चिरला जात नाही.

आता आकार. सान्तोकू 165 ते 180 मिमीची, पातं रुंद, धार जवळजवळ सरळ. लहान ओट्यावर, छोट्या बोर्डवर हीच सोयीची. एकच सुरी घ्यायची तर आम्ही हीच सुचवू. 165 मिमीची चौकोनी नाकिरी पालेभाज्या आणि कोबीला सुरेख, कारण धार बोर्डला लांबीभर टेकते आणि चिरलेले तुकडे एकमेकांना चिकटून राहत नाहीत. मात्र तिला टोक नसल्याने मिरचीतल्या बिया काढणं किंवा मासा साफ करणं जमत नाही. ग्युतो 210 मिमीची, टोकदार; मांस, कलिंगड, मोठा कोबी यांना उत्तम, पण तिला 40 सेंटिमीटरचा तरी बोर्ड हवा. डावखुऱ्यांनी धार दोन्ही बाजूंनी सारखी आहे का ते विचारून घ्यावं. काही सुऱ्या उजव्या हाताला धरून 70-30, म्हणजे एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी, घासलेल्या असतात.

तिन्हींपैकी कुठलीही घेतलीत तरी विळी किंवा एखादी जाड, स्वस्त सुरी टाकून देऊ नका. नारळ आणि हाडं तिच्याकडेच राहू द्या. काचेचा बोर्ड आणि ग्रॅनाइटचा ओटा दोन्ही धार मारतात. लाकूड किंवा मऊ प्लास्टिक वापरा. स्टेनलेसवरही मीठ-चिंचेचं पाणी तासन्‌तास राहिलं तर बारीक खड्डे पडतात, तेव्हा लगेच धुऊन पुसा.

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे ही सुरी देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेचं पोलाद तापून मऊ पडतं. निळसर झाक दिसली की तेवढा भाग गेला. ओढून धार लावायच्या खाचेच्या यंत्राने व्हीजी-10चे बारीक कण उपटले जातात. 1000चा एक दगड घ्या, भिजवायचा प्रकार असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा. 45 मिमी रुंद पात्याची पाठ दगडापासून साधारण 12 मिमी वर धरली की 15 अंश होतात. एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूला टोकापासून मुठीपर्यंत बोटाला बारीक खरखरीत कड लागली की मगच पातं उलटा. कड मध्येच तुटक लागत असेल तर तिथे दगड धारेपर्यंत पोचलेलाच नसतो.